मॅडम, भिंतीच्या रंगावरून कोणी घटस्फोट घेतं का?

हा प्रश्न विचारणारी मुलगी हसतच विचारत होती, पण बोलता बोलता तिची नखं मनगटावरचा वाळलेल्या पुट्टीचा डाग खरवडत होती, आणि तो डाग निघाला तरी तिचं खरवडणं काही थांबेना. नवरा शेजारच्या खुर्चीत. त्याच्या चपलेवर पण तोच पांढरा शिंतोडा. मी मनात म्हणलं, चला, निदान एकाच बादलीतला आहे.

नावं बदललीयेत, काही तपशील इकडचे तिकडे केलेत आणि दोघांना विचारूनच लिहितेय, कारण मी जोडप्यांचं समुपदेशन करते आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात माझ्याकडे वारंवार येतो. कोणी पडद्यावरून, कोणी टीव्ही युनिटवरून, कोणी बाल्कनीतल्या जाळीवरून. खाली चिंता एकच असते, एवढ्या फालतू गोष्टीवरून आम्ही एवढे भांडतो म्हणजे आमचं जमतच नाही का?

तर सायली 31, निखिल 33, मुलगी ओवी अडीच वर्षांची. चिंचवडला 1994 च्या बिल्डिंगमधला रीसेल टू बीएचके घेतला. निखिल चाकणच्या कंपनीत क्वालिटीला, सायली घरून पेरोलचं काम करते. हप्ता चालू झालेला, त्यात पेंटरने जुना रंग खरवडून पुट्टी, प्रायमर आणि रंगाचे दोन हात मटेरियलसकट 72 हजार सांगितले. निखिलने दुकानात जाऊन हिशोब काढला, मटेरियल बावीस हजारात बसतं, उरलेली सगळी मजुरी, मग ती कशाला द्यायची, आपले हात काय मोडलेत का? दोन-चार व्हिडिओ बघितले, मावसभावाकडून शिडी आणली. गणपती गेले की सुरू करायचं आणि दसऱ्याला नवीन भिंतींवर तोरण.

माझ्याकडे आले ते संक्रांतीनंतर.

तोपर्यंत बेडरूम झालेली (आणि चांगली झालेली, फोटो दाखवला मला), हॉलच्या तीन भिंती झालेल्या, चौथी तीनदा करून तीनदा पोपडे धरलेली, दारांचा जुना ऑइल पेंट अर्धा खरवडलेला, आणि शिडी बेडरूममध्ये कायमची मुक्कामाला, तिच्यावर ओवीचे कपडे वाळत. दिवाळीत सासूबाई आल्या, काही बोलल्या नाहीत, नुसता त्या भिंतीसमोर आकाशकंदील कुठे लावायचा म्हणून विचारलं. सायली म्हणाली, मॅडम त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

स्फोट झाला हळदीकुंकवाच्या दिवशी. सायलीने बिल्डिंगमधल्या बायका पहिल्यांदाच घरी बोलावलेल्या, संध्याकाळी पाचची वेळ. निखिल दुपारी तीनला पॉलिश पेपर घेऊन त्या चौथ्या भिंतीला भिडला. फक्त अर्ध्या तासाचं काम आहे, बायका यायच्या आत प्रायमर मारून टाकतो म्हणजे भिंत जरा बरी दिसेल. त्याला खरंच तिला मदत करायची होती हो, हे मी त्याच्या बाजूने सांगते. पण पुट्टी घासली की तिचं पीठ कुठे कुठे जाऊन बसतं हे ज्याने घासलीय त्यालाच माहीत, आणि त्यापेक्षा जास्त ज्याने नंतर पुसलंय त्याला. ते पीठ तिळगुळाच्या ताटात बसलं. वाणाच्या डब्यांवर बसलं. हळदीकुंकू कसंबसं उरकलं आणि रात्री सायली ओवीला घेऊन तळेगावला आईकडे गेली ती चार दिवस आलीच नाही.

पहिल्या सेशनला दोघं एकच वाक्य बोलत होते. निखिल, पाच महिने एक रविवार धड झोपलो नाही. सायली, मी पण नाही. तो म्हणे तू कुठे रंगवत होतीस, ती म्हणे म्हणूनच तर.

इथे मी समुपदेशन बाजूला ठेवून एक वेगळाच प्रश्न विचारला, कारण निखिल दारांबद्दल बोलताना म्हणाला की कोरडंच घासतोय, मशीन लावून. म्हणलं ओवी तेव्हा कुठे असते? घरातच. आपल्याकडे घरगुती रंगात 90 पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागात 90 भाग) जास्त शिसं नको हा नियम 2016 चा, लागू झाला 1 नोव्हेंबर 2017 पासून. म्हणजे त्याआधीच्या दारं-खिडक्या-ग्रिलच्या ऑइल पेंटमध्ये ते भरपूर असू शकतं, आणि कोरडं घासलं की त्याची धूळ जमिनीवर, तिथून रांगत्या-चालत्या मुलाच्या हातावर आणि हातावरून तोंडात. सहा वर्षांखालच्या मुलांना त्याचा त्रास सगळ्यात जास्त, मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि अमुक इतकं शिसं चालतं अशी सुरक्षित पातळी डब्ल्यूएचओ मानतच नाही. मी काही डॉक्टर नाही, त्यामुळे घाबरवून पाठवलं असं नको म्हणून ओवीच्या डॉक्टरांशी बोलायला सांगितलं. त्यांनी रक्ताची टेस्ट करून घेतली, रिपोर्ट बरा आला. दारं राहिली तशीच. नंतर एकदा ओवीला तळेगावला पाठवून, पाणी मारून ओलं खरवडून, फरशी ओल्या फडक्याने पुसून ते काम झालं. हे लांबलं थोडं, पण घरात लहान मूल असताना जुन्या बिल्डिंगमध्ये जो कोणी मशीन हातात घेणार असेल त्याने हा परिच्छेद तरी वाचावाच.

तर परत सेशनकडे. दोघांना वेगवेगळे कागद दिले. म्हणलं पाच महिन्यात या रंगकामासाठी तुम्ही जे जे केलंत ते लिहा, कितीही बारीक असू दे. निखिलची यादी अकरा ओळींची झाली. खरवडणं, पुट्टी, घासणं, प्रायमर, रंग, दुकानाच्या फेऱ्या वगैरे. सायलीने कागद उलटा केला, मागची बाजू भरली आणि दुसरा मागितला. शनिवारी रात्री सामान मधोमध ओढून जुन्या चादरींनी झाकणं. रविवारी ओवीला पाच-सहा तास घराबाहेर ठेवणं, त्यात पाऊस आला तर जिन्यात. भांडी परत धुणं. ओवीची दुपारची झोप मोडल्यावरची संध्याकाळ. फरशीवरचे थेंब वाळायच्या आत पुसणं. ब्रश धुणं (हे निखिलला वाटत होतं आपण करतो, तो बादलीत भिजत घालायचा, धुवायची ती). सोमवारी नऊच्या कॉलला मागे शिडी दिसू नये म्हणून लॅपटॉप किचनच्या ओट्यावर नेणं. आईंना फोनवर "होतंय हो आई, या आठवड्यात होईल" असं सांगणं, हे तिने चार वेळा लिहिलं होतं.

मी दोघांना एकमेकांचा कागद मोठ्याने वाचायला लावला. निखिल आईंच्या फोनापाशी थांबला. तुला फोन करते आई? मला तर कधी विचारलं नाही. सायली म्हणाली तुला कशाला विचारेल, तू काम करतोयस ना.

मला वर्षानुवर्षं दिसतं ते हेच, घरातल्या कामात एक माणूस भिंतीसमोर असतो आणि दुसरा त्याला भिंतीसमोर उभं राहता यावं म्हणून बाकीचं अख्खं घर तोलून धरतो. पहिल्याचं काम दिसतं, त्याचा स्टेटस पडतो, मित्र अंगठे देतात. दुसऱ्याचं काम भिंत सुकली की पुसून जातं. निखिलने पहिल्या महिन्यात स्टेटसला टाकलं होतं, "स्वतःचं घर स्वतःच्या हाताने". सायलीला तो स्टेटस पाठ होता, तारखेसकट. आणि खर्चाचं म्हणाल तर तिसऱ्यांदा पुट्टी, ड्रिल मशीन, फुकट गेलेला शेड, सगळं धरून 41 हजार झालेले. निखिल म्हणाला तरी 31 हजार वाचले. सायलीने शांतपणे विचारलं, माझे रविवार किती रुपयाला धरलेस?

याच्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं.

जमतच नाही का, या प्रश्नावर मात्र माझं मत ठाम आहे. जॉन गॉटमन म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी बरीच वर्षं जोडप्यांचा अभ्यास केला, त्यात दिसलं की जोडप्यांची साधारण 69 टक्के भांडणं कायमची असतात, म्हणजे ती मिटतच नाहीत, चांगल्या टिकलेल्या संसारातही. एक घाईचा असतो एक सावकाश, एकाला पसारा चालतो दुसऱ्याला नाही, ते तसंच राहतं. फरक पडतो तो त्यावर बोलताना टोमणा येतो की थट्टा येते याने. सायलीला हा आकडा ऐकून हायसं वाटलं. निखिल क्वालिटीचा माणूस, तो म्हणाला म्हणजे 31 टक्के तर सुटतात ना. मी म्हणलं तुझी चौथी भिंत त्या 31 टक्क्यातली आहे का बघू आधी.

अजून एक मी निखिलला सांगितलं कारण तो सारखा म्हणत होता की एवढं स्वतः करून मला आनंद का होत नाहीये. 2012 चं एक संशोधन आहे, आयकिया इफेक्ट नावाने प्रसिद्ध झालं. माणसं स्वतः जोडलेल्या साध्या खोक्याला पण जास्त किंमत देतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ज्यांचं जोडून पूर्ण झालं नाही त्यांना ती जास्तीची किंमत वाटलीच नाही, हा भाग सहसा कोणी सांगत नाही. तुझी बेडरूम पूर्ण झाली पण तुला ती दिसतच नाही कारण तिथे शिडी उभी आहे! तो हसला. शिडी मात्र तेव्हा हलली नाही.

मग एक प्रयोग दिला. एका रविवारी सायली रंगवेल, किचनची एक छोटी भिंत, आणि निखिल बाकीचं सगळं, ओवीसकट. अट एवढीच की संध्याकाळी पाचला काम थांबणार, झालं असो नसो, आणि ब्रश धुऊन ठेवूनच थांबणार. पुढच्या वेळी निखिल आला तो थेट म्हणाला, मॅडम रंगवणं आरामाचं काम आहे हो. बागेत झोपाळ्यासाठी ओवीने तासभर रांग लावली, मग शू, मग भूक, मग "आईकडे", घरी आणलं तर थेट ओल्या भिंतीकडे. सायलीने भिंत बरी रंगवली, कडेला टेप न लावल्यामुळे एक रेघ वाकडी गेली. निखिलला ती रोज दिसते. तो काही बोलत नाही. त्याचं ते न बोलणं तिला ऐकू येतं हे त्याला मी सांगितलं.

आता चौथी भिंत. मला रंगातलं फार कळत नाही, आमच्या घरात ह्यांनी 2009 साली ठोकलेलं फळकूट अजून तिरकं आहे आणि त्यावर वस्तू ठेवायचा क्रम ठरलेला आहे, गोल काही ठेवायचं नाही. पण तीनदा तीच भिंत आणि तीच उंची, म्हणल्यावर मी विचारलं की त्याच्यावर काय आहे. दोघं एकमेकांकडे बघत बसले. वरच्या काकांचं बाथरूम. सायलीला ऑक्टोबरपासून माहीत होतं. निखिलला पण. पण यांनी घर घेताना वरच्या काकांनीच सोसायटीच्या ना हरकत दाखल्यासाठी धावपळ केलेली, वयस्कर माणूस, एकटे राहतात, त्यांना कुठे टाइल्स उखडायला सांगायचं? म्हणून हा पठ्ठ्या खालून पुट्टी मारत राहिला. (इथे मला एक उपमा द्यायचा फार मोह होतोय, पण सायलीने ती सेशनमध्येच देऊन टाकली, माझ्यापेक्षा तिखट शब्दात, त्यामुळे राहू दे.)

मी विचारलं, काकांना सांगितलंत तर काय होईल. निखिल म्हणाला वाईट वाटेल त्यांना. आणि नाही सांगितलं तर कोणाला वाटतंय? बराच वेळ तो गप्प बसला.

सेक्रेटरींकडे चौकशी केल्यावर कळलं की सोसायटीच्या आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, हे स्पष्टच आहे, पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामायिक पाइपची गळती सोसायटीने बघायची, संडास-बाथरूम-सिंकची आतली गळती ज्याच्या फ्लॅटमधली त्याने. निखिल कागद घेऊन वर जाणार होता, सायली म्हणाली कागद नको, आधी चहाला बोलाव. काका आले, भिंत बघितली, आणि म्हणाले अरे मला वाटलं तुम्ही डिझाइन करताय काहीतरी. त्यांना माहीतच नव्हतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात नहाणीच्या भोवतीचे आणि टाइल्सचे सांधे उकरून नवीन भरले, प्लंबर काकांनीच आणला, निखिलने दोन बादल्या राबिट खाली नेलं.

भिंत मात्र लगेच रंगवता येत नाही, आतली ओल महिना-दीड महिना सुकू द्यावी लागते, नाहीतर परत तेच. गुढीपाडवा मध्ये आला. निखिलचे हात शिवशिवत होते, नुसतं प्रायमर मारू का म्हणून त्याने मला मेसेज केला, मला! मी उत्तर दिलं नाही. पाडव्याला गुढी उभारलेला फोटो आला तेव्हा बाल्कनीच्या दारातून मागे ती भिंत दिसत होती, उघडी, नकाशासारखे डाग घेऊन. आई आल्या होत्या, फोटोत भिंतीला टेकूनच उभ्या होत्या. खाली सायलीने लिहिलेलं, आईंना सांगितलं सगळं, म्हणाल्या वाळू दे, एप्रिलचं ऊन कशाला आहे.

शेवटचं सेशन एप्रिलच्या अखेरीला झालं, अर्धा तासच लागला. शिडी मावसभावाकडे परत गेली होती. आता काय करून काय नाही हे त्यांनी फ्रिजवर लिहून ठेवलंय, विजेचं आणि प्लंबिंगचं बाहेरच्या माणसाकडून, बाकीचं आधी दोघांनी बसून, आणि झालं हे कोणी म्हणायचं ते सुरू करायच्या आधीच ठरवायचं. उठताना सायलीने विचारलं, मॅडम बाल्कनीत स्वतः टाइल्स बसवता येतात का हो? मी निखिलकडे बघितलं. तो म्हणाला, माझ्याकडे नका बघू, व्हिडिओ ती बघतेय.