मुक्काम कुठं करायचा? वाचक विचारतात, आम्ही सांगतो

दिवाळी जवळ आली की आमच्याकडं पाककृतींपेक्षा रूमच्या तक्रारी जास्त येतात. यावेळी आलेल्यातले पाच प्रश्न घेतलेत, बाकीच्यांनी रागावू नका, पुढच्या अंकात बघू.

राजारामपुरीतल्या एक काकू विचारतात : मे महिन्यात आम्ही आठ जण मालवणकडं गेलो होतो. ऑनलाइन 'सी व्ह्यू' म्हणून दोन रूम बुक केल्या, आणि तिथं गेल्यावर कळलं की समुद्र बघायचा तर गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी उभं राहावं लागतंय. मालक म्हणाला, "दिसतोय की समुद्र!" याला फसवणूकच म्हणायचं ना?

काकू, वाचून आधी हसू आलं, माफ करा, पण तुमचे पैसे गेलेत ते काय हसण्यावारी न्यायचं नाही. आता गंमत अशी की 'सी व्ह्यू', 'सी फेसिंग' आणि 'बीच टच' हे तीन शब्द आपल्याला सारखेच वाटतात आणि विकणारा मात्र ते बरोबर मोजून वापरतो. बीच टच म्हणजे किनाऱ्याला लागून, फेसिंग म्हणजे तोंड समुद्राकडं, आणि व्ह्यू म्हणजे कुठून तरी दिसतो, मग मधे नारळाची वाडी असो नाहीतर शेजाऱ्याची भिंत. त्यामुळं बुकिंगआधी मालकाला थेट फोन लावायचा आणि म्हणायचं, आम्हाला मिळणार आहे त्याच रूमच्या खिडकीतून आत्ता एक व्हिडिओ काढून पाठवा. जो मिनिटात पाठवतो त्याच्याकडं जायचं, जो "मॅडम, सगळे फोटो ॲपवर आहेत" म्हणतो त्याला नमस्कार. मे महिन्यात अजून दोन गोष्टी विचारायच्या : लाइट गेली तर इन्व्हर्टरवर एसी चालतो का नुसता पंखा, आणि आंघोळीचं पाणी गोडं आहे का मचूळ.

माझा एक अनुभव सांगते. काही वर्षांमागं जुलैत पन्हाळ्याला 'व्हॅली व्ह्यू'ची रूम घेतली होती, भाडं चांगलंच घेतलं होतं, आणि दोन दिवस खिडकीबाहेर नुसतं पांढरं. तीन दरवाजापाशी गेलो तरी तीच गत, सज्जाकोठीतून खाली बघितलं तर जणू कुणी कापूस पिंजून ठेवलाय. अंथरुणाला कुबट वास, टॉवेल वाळेना, पोरं कंटाळली. पुढच्या वर्षी गडावरच्याच एका छोट्या घरगुती मुक्कामाला फोन केला तर तिथले आजोबा म्हणाले, "आत्ता येऊ नका ओ, धुक्यात काय दिसत न्हाई आन् चादरी पण वाळत न्हाईत, दिवाळी झाल्यावर या." स्वतःचं गिऱ्हाईक स्वतःच परत पाठवणारा माणूस! तेव्हापासून आम्ही त्यांच्याकडंच उतरतो, पिठलं-भाकरी आणि ठेचा असतो, टीव्ही नाही, आणि गरम पाणी सकाळी साडेसहा ते आठ एवढंच, पण हे सगळं ते फोनवरच सांगतात.

तुमच्या तक्रारीचं म्हणाल तर ॲपवरच्या त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल आणि तिथं काढलेले फोटो एकत्र ठेवा, आधी ॲपकडं लेखी तक्रार करा, नाही ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. ग्राहक आयोगात जायला घटनेपासून दोन वर्षं मिळतात, म्हणजे तुमच्या हातात अजून वेळ आहे.

नागाळा पार्कातले एक काका : नऊ वर्षांपूर्वी एका मॉलमध्ये लकी ड्रॉ लागला म्हणून बोलावलं, डिनर सेट दिला आणि दोन तास बसवून टाइमशेअरची, म्हणजे आधी पैसे भरून दरवर्षी काही दिवस रिसॉर्टवर राहायची, २५ वर्षांची मेंबरशिप गळ्यात मारली. तीन लाख भरले, वर्षाला पंधरा हजार मेंटेनन्स. आजवर तीनदाच जायला मिळालं, दिवाळी आणि मे मागितला की "अव्हेलेबल नाही." काय करावं?

काका, तुमच्यासारखी पत्रं दर अंकाला येतात आणि प्रत्येकात तो डिनर सेट असतोच. आधी हिशोब करू या कारण तो कुणी करून दाखवत नाही. तीन लाख, अधिक नऊ वर्षांचा मेंटेनन्स १ लाख ३५ हजार, झाले ४ लाख ३५ हजार. तीन ट्रिपा, प्रत्येकी सात रात्री धरल्या तर २१ रात्री. म्हणजे एका रात्रीला वीस हजार सातशे, आणि त्यात जेवण नाही, गाडीभाडं नाही, त्या तीन लाखांवर बँकेनं दिलं असतं ते व्याजही नाही. आता विकणारा म्हणेल की अजून सोळा वर्षं बाकी आहेत, खरंय, पण मेंटेनन्सही सोळा वर्षं बाकी आहे आणि तो बऱ्याच करारांत वाढत जातो.

हे असं का होतं तर करारात वर्षाचे भाग पाडलेले असतात, सुट्टीचे दिवस सगळ्यात महागड्या गटात, आणि तुम्हाला विकलेली मेंबरशिप बहुतेक त्याच्या खालच्या गटातली असणार. विकताना तोंडानं "कधीही, कुठंही" आणि कागदावर "उपलब्धतेनुसार". तुमचा करार काढा, चष्मा लावा, तुमचा गट कुठला ते बघा. त्या गटातले दिवस मागूनही मिळाले नसतील तर तुमची बाजू भक्कम आहे, पण त्यासाठी मागितल्याचा पुरावा पाहिजे. फोनवर मागणं बंद, आजपासून सगळं ईमेलवर. नकार पण ईमेलवरच घ्यायचा.

कंपनीचं ऑफिस मुंबईला असलं म्हणून तिकडं खेटे घालायला नकोत, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्या कोल्हापुरातच. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी पण नाही. दोन वर्षांची मुदत इथंही आहेच, म्हणून जुन्या नकारांवर विसंबू नका, वकिलाला ताजे ईमेल दाखवा. आणि मेंटेनन्स एकदम भरायचा बंद करू नका, आधी सल्ला घ्या, नाहीतर तुम्हीच थकबाकीदार ठरता. डिनर सेट वापरात आहे का हे मात्र कळवा.

कदमवाडीतली एक ताई : पुण्याहून सासूबाई-सासरे अंबाबाईच्या दर्शनाला येणारेत, दोघांचे गुडघे दुखतात, आमचा फ्लॅट वन बीएचके. त्यांना मंदिराजवळ ठेवू का स्टेशन रोडला?

नवरात्रात येणार असतील तर महाद्वार रोडच्या जवळ गाडी जात नाही, बॅगा घेऊन चालावं लागतं, आणि मंदिराजवळच्या बऱ्याच जुन्या लॉजना लिफ्ट नाही, जिने असे उभे की मलाच धाप लागते. पण एकदा पोचलं की पहाटे उठून दर्शन होतं हा फायदा मोठा. म्हणून तळमजल्याची रूम मिळाली तरच मंदिराजवळ, नाहीतर शाहूपुरी किंवा ताराबाई पार्कात लिफ्टवालं हॉटेल घ्या आणि रिक्षानं बिंदू चौकापर्यंत या. तारीख बदलता येत असेल तर नवरात्र टाळाच. किरणोत्सवही टाळा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, मग छातीवर, मग मुखावर, बघायला फार सुंदर, पण ज्येष्ठांना त्या गर्दीत उभं करणं नको. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, तेव्हाही रूम मिळायची मारामार. आणि ताई, वन बीएचके असला तरी एक रात्र तरी घरी ठेवून घ्या, सासूबाई मनात धरतात, अनुभवाचं बोलते.

इचलकरंजीहून एक भाऊ : गगनबावड्याचं ऑगस्टचं बुकिंग होतं, पुरामुळं रस्ता बंद झाला, रिसॉर्टवाला म्हणतो "नो रिफंड".

बुकिंगच्या अटींत काय लिहिलंय त्यावर बरंच ठरतं, पण भांडण्याआधी पुढची तारीख मागून बघा, बहुतेक जण देतात. २०१९ आणि २०२१ ला तर शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, तेव्हा अनेकांनी असंच मिटवलं. रस्ता बंद असल्याची प्रशासनाची सूचना किंवा पेपरचं कात्रण जपून ठेवा. आणि पुढच्या वेळी जुलै-ऑगस्टला पूर्ण ॲडव्हान्स देऊच नका, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागली की निघायचंच नाही, ४३ ला धोका पातळी, मग घरी बसून भजी.

एका कॉलेजच्या विद्यार्थ्याचा प्रश्न : लॉजवाले आधारची झेरॉक्स मागतात, द्यायची का?

ओळखपत्र दाखवावं लागतंच, पण आधारच दिलं पाहिजे असं नाही, लायसन्स किंवा वोटर कार्ड चालतं. आधारच द्यायचं असेल तर मास्क्ड आधार डाउनलोड कर, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर तारीख आणि "फक्त रूमसाठी" असं पेनानं आडवं लिही. काउंटरवरचा माणूस तोंड वाकडं करेल, करू दे.