आई-वडिलांची जुनी पॉलिसी सोडून को-पेवाली घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ६६, वडील ६९, आईला मधुमेह. ५ लाखांची फ्लोटर (दोघांना मिळून एकच रक्कम असलेली) आरोग्य विमा पॉलिसी गेली ६ वर्षं खंड न पडता चालू आहे. तिला खोलीभाड्याची मर्यादा आहे, दिवसाला ५,००० रुपये. एजंट सुचवतो ती पॉलिसी १० लाखांची, खोलीला मर्यादा नाही, हप्ताही ४ हजारांनी कमी. पण २० टक्के को-पे.

माझं मत: जुनी सोडू नका.

को-पे म्हणजे मंजूर झालेल्या प्रत्येक क्लेममधला ठरलेला वाटा तुमचा. खोलीभाड्याची मर्यादा वेगळ्या तऱ्हेने चावते. समजा, ८,००० ची खोली घेतली, ६ दिवस राहिले. कंपनी फक्त ३,००० चा फरक कापून थांबत नाही. सर्जन, ओटी (ऑपरेशन थिएटर), नर्सिंग हे खर्चही ५/८ या प्रमाणातच देते. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागू नाही. ४ लाखांच्या बिलात खोलीचे ४८ हजार, सर्जन-ओटी वगैरे २ लाख २ हजार आणि औषधं-तपासण्या दीड लाख धरले, तर कंपनी देईल ३,०६,२५०. तुमच्या खिशातून ९३,७५०.

त्याच बिलावर को-पेचे ८० हजार जातील. म्हणजे को-पे बरा? इथेच गल्लत होते. ५,००० च्या आतली खोली मागितली की खोलीभाड्यामुळे होणारी कपात शून्यावर येते (हातमोजे, नोंदणी शुल्क असले न मिळणारे खर्च सोडून). को-पे मात्र कुठलीही खोली घेतली तरी भरावाच लागतो. तातडीच्या वेळी हवी ती खोली मिळेलच असं नाही, हे खरं. पण आयसीयूच्या दिवसांना प्रमाणातली कपात लावता येत नाही. आयसीयूची स्वतःची मर्यादा पॉलिसीत असू शकते, ती तेवढी पाहून घ्या.

दुसरी गोष्ट वेटिंग पिरियडची. नवी पॉलिसी कोरी घेतली, तर आधीपासूनच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. शिवाय ६० महिने सलग पूर्ण झाल्यावर ‘माहिती लपवली’ म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. त्याला मोरेटोरियम म्हणतात. तुमचा तो पूर्ण झालाय. हप्त्यातल्या ४ हजारांसाठी हे घालवणं मला तरी पटत नाही. पोर्ट केल्यास, म्हणजे जुनी पॉलिसी नव्या कंपनीकडे नेल्यास, जुन्या ५ लाखांपुरती ही वर्षं धरली जातात, वाढीव ५ लाखांना मोजणी नव्याने सुरू. आणि पोर्ट करून घ्यायला नवी कंपनी नकार देऊ शकते, हे एजंट क्वचितच आधी सांगतो.

५ लाख अपुरे आहेत, याबद्दल मात्र एजंट बरोबर आहे. त्यावर उपाय सुपर टॉप-अप, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या वरचा खर्च देणारी जोड पॉलिसी: डिडक्टिबल (ती ठरलेली रक्कम) ५ लाख, कव्हर १० लाख. १२ लाखांचं बिल आलं तर ५ जुनीतून, ७ यातून. साधा टॉप-अप नको. त्यात प्रत्येक क्लेम एकटा ५ लाखांच्या वर जावा लागतो. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभरातली बिलं मिळून मोजतात. तिथेही आईच्या मधुमेहाचं वेटिंग नव्याने लागेल, म्हणून लवकर घ्या. कंपनी त्याआधी वैद्यकीय तपासणी मागू शकते, हप्ताही वाढवून सांगू शकते.

नूतनीकरणाच्या दोन महिने आधी सध्याच्या कंपनीला लेखी विचारा: खोलीभाड्याची मर्यादा काढणारा रायडर (पॉलिसीला जोडायची जादा सोय) आहे का? असला तर तो आधी. सुपर टॉप-अपचा प्रपोजल फॉर्म स्वतः भरा; मधुमेह कधीपासून, कोणती गोळी, सगळं लिहा. पॉलिसी हाती आली की को-पे आणि डिडक्टिबलचे रकाने वाचा. बोलण्यात एक आणि कागदावर दुसरं निघालं, तर ३० दिवसांच्या फ्री-लुक काळात ती परत करता येते.