हॅटच्या 'ब्लॉक'ला साचा म्हणावे का?

प्रश्न असा आहे : जुन्या फेल्ट हॅट पूर्वी कशा बनवत आणि आज त्या पुन्हा नीट कशा करतात, यावरच्या एका लेखाचा अनुवाद चालला आहे. त्यात 'ब्लॉक' हा शब्द पानोपानी येतो. 'ठोकळा' म्हटले तर मुलांच्या खेळण्यातला वाटतो. 'साचा' चालेल का? 'फेल्ट'ला 'लोकरी कापड' म्हणावे का? आणि 'साइझिंग', 'पाउन्सिंग', 'कॅरटिंग' यांचे काय करायचे?

'साचा' अगदीच चूक नाही, पण मला तो पटत नाही. साच्यात आपण काहीतरी ओततो किंवा दाबतो. वस्तू आत, साचा बाहेर. हॅटचा ब्लॉक याच्या नेमका उलट. तो असतो लाकडाचा भरीव माथा, आणि त्याच्यावरून हॅट ओढून बसवायची असते. अशा वस्तूला आपल्याकडे शब्द तयार आहे : कलबूत. जोडा ज्या लाकडी पावलावर चढवून शिवतात, ते कलबूत. (हल्ली त्यालाच 'फर्मा' म्हणणारेही पुष्कळ.) शब्द फारसीतून आला. त्याचा अरबी भाईबंद 'कालिब', आणि त्या कालिबचे मूळ ग्रीकमध्ये सांगतात, तिथे अर्थ होता 'लाकडी पाऊल'. हाच कालिब युरोपात जाऊन बंदुकीच्या नळीचा 'कॅलिबर' झाला. तेव्हा पायाचा शब्द डोक्यावर नेला म्हणून कोणी नाक मुरडू नये. याने यापेक्षा लांबच्या उड्या मारल्या आहेत.

कलबूत घेतले की क्रियापदही आपोआप मिळते : चढवणे. 'ब्लॉकिंग'साठी 'ठोकळाकरण' वगैरे घडवत बसायला नको. हॅट कलबुतावर चढवली, उतरवली, पुन्हा चढवली. प्रत्यक्ष काम कसे होते ते डोळ्यांसमोर आणा. आधी आतली चामड्याची पट्टी आणि बाहेरची फीत उसवून काढतात. मग हॅटला किटलीच्या तोंडाशी भरपूर वाफ देतात, फेल्ट लुसलुशीत झाला की कलबुतावर ओढतात, माथ्याला दोरी बांधतात आणि ती दोरी एका बोथट, खाचेच्या हत्याराने चहूबाजूंनी थोडीथोडी खाली सारत नेतात. जिथे माथा संपून काठ सुरू होतो, तिथे दोरी पोचली की थांबायचे. घाई करून काठाला धरून ओढले तर काठाला लाटा येतात. मग हॅट तशीच कलबुतावर पूर्ण वाळू द्यायची. यातले एकही वाक्य लिहिताना 'ब्लॉक' अडला नाही, हे लक्षात आले असेलच.

आता 'फेल्ट'. 'लोकरी कापड' मात्र लिहू नका, त्यात दोन चुका आहेत. पहिली, फेल्ट विणलेला नसतो. त्याला ताणा नाही, बाणा नाही. केसांवर बारीक खवले असतात. उष्णता, ओल आणि रगडणे यांनी ते एकमेकांत अडकत जातात आणि सुटत नाहीत. दुसरी, चांगल्या हॅटचा फेल्ट मेंढीच्या लोकरीचा नसतोच. तो असतो बीव्हर किंवा सशाच्या अंगावरच्या राठ केसांखालच्या मऊ लवेचा. 'लव' हा किती नेमका शब्द आहे! 'फर फेल्ट' आणि 'वूल फेल्ट' यांतला फरक मराठीत 'लवेचा फेल्ट' आणि 'लोकरीचा फेल्ट' असा सहज मांडता येतो. फेल्टला जुना शब्द 'नमदा', हाही फारसी. खोगिराखाली घालतात तो नमदा. इंग्रजी घोडेस्वारांनी तोच उचलून 'नम्ना' केला. पण नमदा म्हटले की जाडेभरडे काही समोर येते. म्हणून पहिल्यांदा 'फेल्ट, म्हणजे नमदा' असे सांगून टाकावे आणि पुढे फेल्टच वापरावा.

लव मोकळी करायला हॅटवाले छतापासून टांगलेले लांबलचक धनुष्य वापरत. आतड्याची तात लाकडी खुंटीने छेडायची, तिच्या थरथरीने लव उडून एकसारखी पसरते. इथे अनुवादकाने 'हॅटरचे धनुष्य' लिहिलेले मी पाहिले आहे. वाचक गोंधळतो, कारण कोणावर बाण सोडायचा आहे ते कळत नाही. 'पिंजण' लिहा, 'लव पिंजणे' लिहा, विषय संपला.

खरे खड्डे पुढे आहेत. 'साइझिंग' म्हटले की कापडाच्या धंद्यातली 'खळ देणे' ही क्रिया आठवते. हॅटच्या कामात तो अर्थ नाही. तिथे साइझिंग म्हणजे पिंजून जमवलेला सैल, मोठा शंकू गरम पाण्यात पुन्हा पुन्हा रगडून हवा तेवढा लहान आणि घट्ट करणे. त्याला सरळ 'आटवणे' म्हणा. ताठपणा येण्यासाठी जे देतात ते वेगळे, आणि तीही खळ नव्हे. ती लाख असते. जुन्या डर्बी, म्हणजे गोल माथ्याच्या कडक हॅट, याच लाखेमुळे कडक. 'पाउन्सिंग'चा झडप घालण्याशी संबंध नाही. मूळ फ्रेंच 'पाँस', म्हणजे प्यूमिस, ज्वालामुखीतला हलका, खरखरीत दगड. वर आलेले लांब तंतू बारीक पॉलिशपेपरने काढायचे, म्हणून 'घासणे'. 'घोटणे' नको, घोटण्याने चकाकी येते, आणि ती पायरी घासण्यानंतरची.

'कॅरटिंग'मधले गाजर खरेच गाजरच आहे. नत्राम्लात विरघळवलेला पारा लवेला लावत, त्याने खवले उभे राहत आणि लव वाळताना टोकाशी नारिंगी होई. मराठीत 'पाऱ्याचे पुट देणे' म्हणावे. 'पारा चढवणे' लिहिण्याचा मोह टाळा, वाचक रागाकडे जाईल. अर्थात हॅट कारागिरांच्या बाबतीत तेही फार दूरचे नव्हते. पाऱ्याच्या वाफेने हात थरथरणे, चिडखोरपणा, भ्रम हे सगळे होई. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या डॅनबरी या हॅटच्या गावाचे नावच या कंपाला चिकटले होते. तिथे हॅटच्या धंद्यातला पारा 1941 साली बंद झाला. त्याआधीच्या लवेच्या हॅटमध्ये पारा अजून सापडतो, तेव्हा मूळ लेखात हातमोजे, मुखपट्टी आणि मोकळी हवा यांची सूचना असेल तर जागा वाचवायला ती गाळू नका.

राहिले 'कॉन्फॉर्माटर' आणि 'टॉलिकर'. यांना मी हात लावणार नाही. पहिले एकोणिसाव्या शतकातले पॅरिसचे यंत्र. डोक्यावर मुकुटासारखे ठेवायचे, भोवतीच्या पट्ट्या डोक्याचा आकार घेतात आणि वर लावलेल्या कागदावर टाचण्यांनी त्याची छोटी आकृती टोचली जाते. दुसरे माथा आणि काठ यांमधला कोपरा दाबून धारदार करायचे हातातले साधन. दोन्ही नावे तशीच ठेवून प्रत्येकाला एक वाक्य द्या.