बँडच्या परवानगीशिवाय काढलेले माहितीपट फॅननं विकत घ्यावेत का?

तुमचा प्रश्न असा: भाऊ बीटल्सचा (इंग्लंडचा १९६० च्या दशकातला चौघांचा बँड) वेडा आहे, त्याच्या वाढदिवसासाठी तीन डीव्हीडींचा एक संच ऑनलाइन सापडलाय, त्याच्या खोक्याचा फोटोही तुम्ही टाकलाय, पण खोक्यावर बारीक अक्षरांत ‘अनधिकृत’ असं छापलंय. घ्यावा की नको?

हा संच नका घेऊ. पण तो अनधिकृत आहे म्हणून नको, असं माझं म्हणणं नाही. माझ्याकडे असले सात-आठ आहेत. त्यातले दोन मी कुणाला उसनेही देत नाही, बाकीचे कुणी मागून नेले तर परत मागणार नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. अनधिकृत म्हणजे चोरटी प्रत नव्हे. बँडला किंवा त्यांच्या कंपनीला न विचारता कुणीतरी त्यांच्यावर फिल्म काढली, एवढाच त्याचा अर्थ. एखाद्याचं चरित्र त्याला न विचारता लिहिता येतं, तसंच हे. अडचण गाण्यांपाशी येते. एका गाण्याचे हक्क दोन ठिकाणी असतात: शब्द आणि चाल यांचे प्रकाशकाकडे, ध्वनिमुद्रणाचे रेकॉर्ड कंपनीकडे. फिल्ममध्ये मूळ गाणं वाजवायचं तर दोन्हीकडून होकार लागतो आणि दोन्हीकडे पैसे मोजावे लागतात. बँडची मर्जी नसेल तर हे दार जवळपास बंदच. मग उरतं काय? वृत्तसंस्थांकडून विकत घेतलेल्या जुन्या बातम्यांचे तुकडे, पत्रकार परिषदा, फोटो आणि खुर्चीत बसून बोलणारी माणसं.

माझी पहिली अशी डीव्हीडी मी २००८ च्या आसपास पुण्यात घेतली, ३९९ रुपयांना. कव्हरवर चौघांचे मोठ्ठे चेहरे. रूमवर येऊन लावली. दहा मिनिटं झाली, एक गाणं नाही. मागे गिटार वाजत होती, पण विचित्र. ओळखीची चाल सुरू व्हायची आणि ऐन समेवर यायच्या आधी भलतीकडे वळायची. वकिलाला विचारून बसवल्यासारखी. माझा रूममेट म्हणाला, “हे बीटल्सचं नाही रे, बीटल्सच्या शेजाऱ्यांचं आहे.” पडद्यावर पुस्तकांच्या कपाटासमोर बसलेले एक गृहस्थ चौघांच्या ‘जादू’बद्दल बोलत होते आणि मध्ये मध्ये स्टेजवरचा एकच फोटो सावकाश मोठा होत यायचा. तो किती वेळा आला ते आम्ही मोजलं. अकरा वेळा. त्यातल्या चार वेळा तो उलटा करून लावला होता, नवा वाटावा म्हणून. हे कळलं ते बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीमुळे. पॉल डावखुरा, आणि इथे तो उजव्या हातानं बास वाजवत होता! बीटल्सवर ७० मिनिटांची फिल्म काढणाऱ्याला एवढंही दिसू नये?

वर कडी म्हणजे दोन वर्षांनी मी तीच फिल्म पुन्हा विकत घेतली. नाव वेगळं, कव्हर वेगळं, आत तेच कपाट आणि तेच गृहस्थ. या धंद्यात हे सर्रास चालतं. म्हणून आता मी खोक्याची पुढची बाजू बघतच नाही, मागची वाचतो. त्यावर बोलणाऱ्यांची नावं असतील तर ती एकेक करून शोधतो. हा माणूस तिथे होता का? साउंड इंजिनिअर, ड्रायव्हर, शाळेतला मित्र, बँडमधून काढून टाकलेला वादक, कुणीही चालेल, पण त्यानं स्वतः काहीतरी पाहिलेलं असावं. नुसतेच ‘समीक्षक’ आणि ‘चाहते’ असतील तर त्यांच्यापेक्षा तुमच्या भावाला जास्त माहिती असणार. आणि नावंच छापलेली नसतील तर पुढे बोलायलाच नको.

तुम्ही टाकलेल्या फोटोत मागच्या बाजूला एकही नाव नाही. फक्त ‘दुर्मिळ मुलाखती’.

मग अधिकृतच घ्यावेत का? त्यांचीही एक गंमत आहे. अधिकृत माहितीपट हा बऱ्याचदा एकसष्टीच्या गौरवग्रंथासारखा असतो. छपाई उत्तम, फोटो दुर्मिळ, आणि नको ती गोष्ट पानापानांतून अलगद वगळलेली. लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडवरचा ‘बिकमिंग लेड झेपलिन’ २०२५ मध्ये थिएटरात आला. हयात असलेले तिघंही त्यात बोलतात, १९८० मध्ये गेलेला त्यांचा ड्रमर जॉन बॉनम याचा आवाज जुन्या मुलाखतीतून ऐकू येतो, गाणी न कापता ऐकवतात. अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. पण गोष्ट १९७० च्या सुरुवातीला येऊन थांबते. पुढच्या दहा वर्षांतली धुंदी, नशा, भानगडी, सगळं पडद्याबाहेर.

बीटल्सचंच उदाहरण बघा. जानेवारी १९६९ मध्ये त्यांच्या तालमींचं जवळपास ६० तासांचं चित्रीकरण झालं. त्यातून १९७० मध्ये ‘लेट इट बी’ निघाला, कुंद आणि उदास, बँड फुटल्याची बातमी ताजी असताना लोकांनी पाहिलेला. त्याच चित्रीकरणातून दिग्दर्शक पीटर जॅक्सननं २०२१ मध्ये आठ तासांच्या आसपासचा ‘गेट बॅक’ काढला, आणि त्यात तीच माणसं हसतायत, टवाळक्या करतायत. १० जानेवारीला चौघांपैकी जॉर्ज हॅरिसन बँड सोडून तडक घरी निघून गेला होता. पहिल्या फिल्ममध्ये या प्रसंगाचा पत्ताच नाही, दुसऱ्यात ते चक्क दिसतं. दोन्ही अधिकृत! मधे ५० वर्षं गेली, माणसं गेली, राग निवले, तेव्हा कुठे परवानगी मिळाली.

अपवाद आहेत. मेटॅलिका या अमेरिकन बँडनं २००४ च्या ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’मध्ये आपली भांडणं, समुपदेशकासमोरची रडारड, सगळं कॅमेऱ्यासमोर होऊ दिलं आणि तसंच ठेवलं. एवढं धाडस फार थोडे करतात. उलट बाजूला निक ब्रूमफील्डचा १९९८ चा अनधिकृत ‘कर्ट अँड कोर्टनी’, निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन आणि त्याची बायको कोर्टनी लव्ह यांच्यावरचा. निर्वाणाची गाणी वापरायला नकार मिळाला, कायदेशीर धमक्यांमुळे सनडान्स या अमेरिकेतल्या चित्रपट महोत्सवानं तो काढून टाकला. कर्ट कोबेनच्या मृत्यूबद्दलचे त्यातले तर्क मी कवडीच्या मोलाचे समजतो. पण आपल्या प्रतिमेवर पहारा कसा ठेवला जातो हे बघायचं तर तो बघावा. असली गोष्ट अधिकृत फिल्म कधी सांगणारच नाही.

आता मी उसना देत नाही त्या दोनांपैकी एक. पॉल साल्झमन नावाचा कॅनडाचा तरुण १९६८ च्या फेब्रुवारीत ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमाच्या दारात जाऊन बसला. प्रेमभंग झालेला, वय २३-२४. बीटल्स आत आहेत म्हणून त्याला आत घेईनात. आठ दिवस तो बाहेर थांबला. मग आत घेतलं आणि काही दिवस तो त्या चौघांच्या टेबलाशी बसून जेवला, गप्पा मारल्या, साध्या कॅमेऱ्यावर फोटो काढले. ते फोटो घरी नेऊन खोक्यात टाकले आणि तीस-बत्तीस वर्षं विसरला. त्यानं २०२० मध्ये यावर फिल्म केली. त्यात बीटल्सचं मूळ गाणं एकही नाही. पण तुम्हाला ते जाणवत नाही, कारण बोलणारा माणूस तिथे होता. दुसरं कोणी ज्यांचे फोटो अकरा वेळा फिरवतं, तेच चौघं इथे दाढी वाढलेले, झब्बा घातलेले, ऊन खात बसलेले दिसतात.

जाता जाता: ऋषिकेशला जायच्या महिनाभर आधी जॉर्ज मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करत होता, वादकांत हरिप्रसाद चौरसिया आणि शिवकुमार शर्मा. एवढ्या एका आठवड्यावर कुणी तासाभराची फिल्म काढली, परवानगी घेऊन वा न घेता, तर मी आगाऊ पैसे भरायला तयार आहे.

भावाच्या भेटीचं म्हणाल तर ऋषिकेशवरची फिल्म शोधा. मिळाली नाही तर त्याच पैशांत एखादी चांगली रेकॉर्ड किंवा फोटोंचं पुस्तक येईल. परदेशातून डिस्क मागवणार असाल तर रीजन कोड (डिस्क कुठल्या भागातल्या प्लेयरवर चालेल ते सांगणारा आकडा) बघून घ्या. भारताचा ५, अमेरिकेचा १, ब्रिटनचा २. आपल्याकडचे बरेच प्लेयर काहीही वाजवतात, पण सगळे नाही. आणि त्याच्याकडे प्लेयर आहे ना, ते आधी वहिनींना किंवा आईला हळूच विचारा. माझ्या नव्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नाही. ती दोनदा घेतलेली फिल्म हल्ली चहाच्या कपाखाली असते, दोन्ही प्रती.