गाडीवाले काकांना विचारा: प्रीमिक्सला ऑइल कुठलं टाकू?

प्रश्न: काका, मी एक जुनी यामाहा वायझेड १२५ (टू-स्ट्रोक डर्ट बाइक) घेतलीय, छोटा हत्तीत टाकून मुळशीकडे मित्राच्या शेतावर नेतो आणि तिथेच चालवतो. प्रीमिक्सला, म्हणजे पेट्रोलमध्ये आधीच मिसळायला, ऑइल कुठलं घेऊ हे ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. एक म्हणतो सगळ्यात महागडं रेसिंगवालं घे, दुसरा म्हणतो कॅस्टर (एरंडेलाचं), बाबा म्हणतात घरात फवारणी पंपाचं टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल पडलंय तेच ओत. आणि पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ३०:१ की ५०:१? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: मित्रा, आधी त्या ब्रँडच्या भांडणातून बाहेर ये, कारण पुण्यात दोन टू-स्ट्रोकवाले भेटले की तीन मतं ऐकायला मिळतात आणि इंजिनाला त्यातल्या एकाशीही घेणंदेणं नसतं. तुझ्या इंजिनाला ऑइलचं चेंबरच नाहीये (गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, ते आपल्या जागी राहू दे), क्रँकचे बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, पिस्टन, सिलिंडर या सगळ्याला पेट्रोलबरोबर जे काय ऑइल येईल तेवढंच मिळतं आणि मग ते जळून सायलेन्सरमधून बाहेर जातं. म्हणजे ऑइलकडून दोन कामं हवीत, नीट वंगण द्यायचं आणि जळताना मागे कार्बन ठेवायचा नाही. हे तपासायला जपान्यांची जासो नावाची ग्रेड आहे, एफबी, एफसी, एफडी अशी चढत जाते, वंगण, धूर, सायलेन्सर चोंदणं आणि पिस्टन किती स्वच्छ राहतो हे त्यात बघतात. तू डब्यावर जासो एफडी लिहिलंय का तेवढं बघ. मोतुल ७१० घे नाहीतर त्या ग्रेडचं दुसरं कुठलंही सिंथेटिक घे, नाना पेठेत मिळेल, फक्त सील फोडलेला किंवा लेबल चोळपटलेला डबा स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नकोस.

बाबांचं फवारणी पंपाचं ऑइल पंपालाच राहू दे. ते वाईट असतं असं नाही, पण पंप एका ठरावीक स्पीडला घुरघुरत असतो आणि तुझी १२५ दहा हजाराच्या वर आरपीएम मारते. डब्यावर टीसी-डब्ल्यू ३ लिहिलेलं दिसलं तर ते बाहेरच्या पाण्याने थंड राहणाऱ्या बोटीच्या इंजिनाचं, तेही नको. आणि २०डब्ल्यू-४० सारखं फोर-स्ट्रोकचं ऑइल तर अजिबातच नको, ते जळण्यासाठी बनवलेलंच नसतं, राख करतं. कॅस्टरचं म्हणशील तर वास काय सुंदर येतो, मलाही आवडतो, ट्रॅकवर फुल थ्रॉटल मारणाऱ्याला ते कामाचंही आहे, पण ते चिकट थर धरतं आणि तुझ्या गाडीला पॉवर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचं तोंड लहान-मोठं करणारी झडप) आहे, तो चिकटला की दर थोड्या दिवसांनी खोलत बसशील.

आता प्रमाण. यामाहाच्या मॅन्युअलमध्ये वायझेडला ३०:१ दिलंय, तेच धर. लिटरला ३३ मिली, ५ लिटरच्या कॅनला १६७ मिली. बाटलीच्या झाकणाने अंदाजे नको, मेडिकलमधून मोठी सिरिंज आण. पूर्वी चेतकवाल्यांना पंपावरचा माणूस लिटरला २० मिली टाकून द्यायचा म्हणजे ५०:१, आणि त्या आठवणीवरच अजून बरेच जण सल्ले देतात, पण ती बिचारी सेवा सदनपासून स्वारगेटपर्यंत जायची, उड्या मारायची नाही.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घे कारण इथेच बहुतेक लोक गंडतात. ऑइल जास्त टाकलं म्हणजे मिक्सचर रिच झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढलं, असं वाटतं ना, होतं उलटं, कार्ब्युरेटरच्या जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून) जाणाऱ्या त्याच मिश्रणात पेट्रोल तेवढं कमी होतं म्हणजे इंजिन जरासं लीनच चालतं. त्यामुळे या महिन्यात ३०, पुढच्या महिन्यात ४० असले प्रयोग नकोत, एक ऑइल आणि एक प्रमाण ठरव आणि त्याच्यावर कार्ब सेट करून घे. वर आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतंय, त्यानेही गाडी लीन चालते, आणि तुझी जुनी गाडी त्याच्या हिशोबाने जेट केलेली नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे म्हणून हवा थोडी विरळ, ते थोडं रिचकडे ढकलतं, पण त्या भरवशावर राहू नको, मेन जेट एखादा साइझ मोठा लागतो का ते स्पार्क प्लगचा रंग बघून ठरव. कॉफी कलरचा आला तर ठीक, पांढरा पडला तर लगेच थांब, पुढचा नंबर पिस्टनचा.

इथेनॉलचा दुसरा त्रास पावसाळ्यात. ते हवेतलं पाणी ओढतं, पाणी फार झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून कॅनच्या तळाशी वेगळा थर होतो आणि ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीचा कॉक तळाला असतो, म्हणजे इंजिनाला बिनऑइलचा माल. म्हणून रविवारी चालवायचंय तर शनिवारी बनव, आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, हलव, मग उरलेलं पेट्रोल. थेट गाडीच्या टाकीत मिसळू नको, नळीत आणि कार्बमध्ये आधी निव्वळ पेट्रोल उतरतं. गणपतीत बनवलेलं दिवाळीला वापरू नको, आणि कॅन फ्लॅटच्या बाल्कनीत ठेवू नको, सोसायटीवाले बोलतील आणि यावेळी त्यांचं बरोबर असेल.

प्रश्न: माझी कार्ब्युरेटरवाली केटीएम २५० एन्ड्युरो आहे, रेसिंगचं भारीतलं ऑइल वापरतो, तरी सायलेन्सरमधून काळं चिकट गळतं. मित्र म्हणतो ऑइल कमी कर. (एक वाचक, पिंपरी)

उत्तर: मॅन्युअलमध्ये या गाडीला ६०:१ दिलंय, त्यापेक्षा कमी कुठे करणार? गळतंय त्याचं कारण बहुतेक वेळा रिच जेटिंग आणि हळू चालवणं. रेसिंगची काही ऑइलं फार जास्त तापमानाला जळतात, तुम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दगडधोंड्यातून रांगत जाता तेव्हा इंजिन तेवढं तापतच नाही, मग न जळलेलं ऑइल मागून येणारच. साधं एफडी घ्या आणि पायलट जेट (कमी थ्रॉटलला पेट्रोल देणारा) तपासून घ्या, पैसेही वाचतील. आणि लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून इंजिन ब्रेकिंगवर उतरू नका, आरपीएम जास्त आणि पेट्रोल जवळजवळ बंद म्हणजे ऑइलही जवळजवळ बंद. क्लच दाबा, अधूनमधून थ्रॉटल द्या. (आणि गाडी वेताळ टेकडीवर नेत असाल तर नका नेऊ, ती चालायला येणाऱ्यांची जागा आहे.)

प्रश्न: आरएक्स १०० चा ऑइल पंप काढून प्रीमिक्स करू का, सगळे करतात. (एक वाचक, हडपसर)

उत्तर: पंप चालू असेल तर नका काढू हो. तो थ्रॉटल आणि आरपीएमप्रमाणे ऑइल कमीजास्त करतो, सिग्नलला उभं असताना धूर कमी करतो, प्रीमिक्सला ती अक्कल नाही. पंप खरंच गेला असेल आणि काढलाच तर ऑइलची नळी जिथे जोडलेली असते ते भोक पक्कं बंद करून घ्या, नाहीतर तिथून हवा ओढली जाते आणि पिस्टन जाम होतो. पंप आणि प्रीमिक्स दोन्ही एकदम चालू ठेवायचं फक्त नवीन बोअर बसवल्यावर, तेही मेकॅनिक सांगेल तेवढे दिवस.