ले-आउट काढायच्या आधी पाणी बघ

अरे, नवीन साइट मिळाली म्हणून लगेच प्लॉट पाडायला बसू नकोस, आधी कंटूर सर्व्हे (जमिनीचे चढ-उतार दाखवणारी मोजणी) घे आणि एकदा भर पावसात साइटवर उभा राहा, पाणी कुठून येतं कुठं जातं ते डोळ्यांनी बघ. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचार, नकाशात नसलेला ओढा त्यांना माहीत असतो. ओढा बुजवायचा नाही, पाइपात घालायचा नाही, त्याच्या कडेला गार्डन-ओपन स्पेस ठेव. पुण्यात सप्टेंबर 2019 ला आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय, माणसं गेली रे.

हिशोब सोपा आहे, 1000 चौरस मीटर छतावर 50 मिमी पाऊस पडला की 50,000 लिटर पाणी, तेवढंच मोकळ्या जमिनीवर पडलं असतं तर बरंचसं मुरलं असतं. म्हणून सगळीकडे काँक्रीट नको, पार्किंगला गवताचे पेव्हर, म्हणजे मधल्या भोकांतून गवत उगवणारे ब्लॉक, चालतात. पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचा शोषखड्डा मात्र काळ्या मातीत घेऊ नको, ती फुगते आणि पाणी पीत नाही, खाली मुरूम लागेपर्यंत खणायचं आणि फाउंडेशनपासून लांबच ठेवायचा. खड्ड्याआधी गाळाची टाकी हवीच, नाहीतर दोन पावसाळ्यांत चोक. आणि बांधकाम चालू असताना वरची सुपीक माती एका बाजूला ढीग करून झाकून ठेव, बिल्डर नको म्हणेल तरी ठेव.