"बाबा सारखं 'मी गेल्यावर'च बोलतात, त्यांना डिप्रेशन आलंय का?"

मी समुपदेशनाचं काम करते, महिन्यातनं दोन-तीन फोन तरी मला या प्रश्नाचे येतात. कधी बाबा असतात, कधी आई, कधी सासूबाई, बाकी सगळं तेच. हल्ली प्रत्येक वाक्य "मी गेल्यावर" ने सुरू करतात, आम्ही म्हणतो असं अभद्र बोलू नका, वास्तू तथास्तु म्हणत असते, तरी ऐकत नाहीत, डोक्यात काही चाललंय का त्यांच्या? आणि मग आवाज जरा खाली आणून, मॅडम यांना या विषयावरनं हटवायचं कसं?

हटवायचं कसं ते मला खरंच माहीत नाही. एका घराची गोष्ट सांगते, घरच्यांना विचारूनच सांगतेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगी आली होती आधी, पंचेचाळीशीची, बँकेत नोकरी. वडील 78 वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन वीस वर्षं झाली. बीपी, शुगर, हार्टला दोन वर्षांपूर्वी स्टेंट. तिने मोबाईलवर फोटो दाखवले, लाल पुठ्ठ्याची लांबुडकी वही, आत स्केचपेननं रकाने आखलेले, अगदी कंडक्टरचं वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद असतो तसे, आणि वर हेडिंग "टप्पा 1 : दवाखाना", "टप्पा 2 : घर", "टप्पा 3 : वैकुंठ" (म्हणजे पुण्यातली स्मशानभूमी), "टप्पा 4 : नंतर". मला हसू आलं, तिला रडू येत होतं.

इथे माझं चुकलं ते आधी सांगते. मी दहा मिनिटांत तिला सांगून मोकळी झाले की हे अगदी नॉर्मल आहे, या वयात माणूस आवराआवर करतो, तुम्हीच टेन्शन घेताय. ती शांतपणे म्हणाली, "माझ्या नणंदेचे सासरे पण असेच सगळी कागदपत्रं फायलीला लावत होते, आम्ही कौतुक करत होतो, आणि मग एक दिवस त्यांनी स्वतःला संपवलं." मी गप्पच झाले. इतकी वर्षं हे काम करून पण माणसाला न बघताच निदान केलं होतं मी. म्हटलं काकांना घेऊन या, आणि वही पण.

काका आले ते इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी सरळ विचारलं, काका, जीव द्यावा असं मनात येतं का कधी? लोकांना वाटतं असं विचारलं की डोक्यात नसलेलं भरवल्यासारखं होतं, तसं होत नाही, उलट मनात असेल तर बोलायला वाट मिळते. काका म्हणाले, "छे हो! जूनमध्ये गावाला जाऊन भाताचं बघायचंय, नातवाची बारावी आहे. मला कुठं जायची घाई आहे, पण गाडी कधी ना कधी डेपोला लागणारच ना." मग झोप विचारली, जेवण विचारलं, मित्रांमध्ये उठबस आहे का, टीव्हीवर काय बघता, घरात आपलं ओझं झालंय असं वाटतं का. सगळं ठीक होतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख पण घेऊन ठेवली होती त्यांनी.

मी बघते ती गोष्ट हीच असते. पुढच्या महिन्याचं काहीतरी डोक्यात असलेला माणूस मरणाची तयारी करत असेल तर करू दे. पण जेवण तुटलंय, झोप उडालीय, आवडीच्या गोष्टी एकदम वाटून टाकल्या, "माझ्यामुळे तुमचे हाल" हे पालुपद झालंय, गोळ्या साठवून ठेवल्यात, तर ते वेगळं आहे, तिथं समजावत बसू नका, एकटं सोडू नका, डॉक्टर गाठा. 14416 हा सरकारचा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतनं बोलता येतं.

काकांनी जाताना एक वाक्य टाकलं ते माझ्या कायम लक्षात राहिलंय. "मॅडम, चौतीस वर्षं प्रत्येक प्रवाशाला विचारलं, कुठं उतरणार? आता माझी वेळ आली तर घरात एक माणूस विचारायला तयार नाही. मी सांगायला लागलो की टीव्हीचा आवाज वाढवतात."

मग वही वाचली मी, सगळी. पहिल्या टप्प्यात व्हेंटिलेटर नको, आयसीयूत नळ्या घालून ठेवू नका. त्यांना सांगितलं की हे नुसतं वहीत लिहून भागायचं नाही, सुप्रीम कोर्टाने 9 मार्च 2018 ला अशा इच्छापत्राला मान्यता दिली, लिव्हिंग विल म्हणतात, आधी त्यासाठी मॅजिस्ट्रेटपुढे जावं लागायचं म्हणून कोणी फिरकत नव्हतं, जानेवारी 2023 ला ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. काकांनी लगेच पेन काढून रकान्यात नोंद केली. दुसऱ्या टप्प्यात नेत्रदान. तिसऱ्यात मात्र वैकुंठाच्या नावावर काट मारून देहदान लिहिलेलं, मेडिकल कॉलेजला फॉर्म दिलेला. आणि चौथ्या टप्प्याला एकच ओळ, ठळक अक्षरात, "दहावा, तेरावा, पिंड, कावळा, गोडजेवण काहीही करू नये. पैसे नातवाच्या फीला."

मी म्हटलं, काका, सगळं चोख आहे, पण यात काकूंचं पान कुठलं?

ते म्हणाले, "तिचं काय? पेन्शन तिला, घर तिला, लिहिलंय की."

मी म्हटलं, ते झालं पैशाचं. तुम्ही जाल, वही राहील, आणि ती वही घेऊन बसणार कोण? त्यांना काय करायचंय हे विचारलंत का कधी?

काका काही बोलले नाहीत. पेन उघडझाप करत बसले.

माझा अनुभव सांगते, आपल्याकडे दोन टोकं आहेत. एका टोकाला बोलायचंच नाही, मग गेल्यावर त्या दोन तासांत जो मोठ्यांदा बोलेल त्याच्या मनासारखं होतं, बहुतेक कोणीतरी लांबचे काका. दुसऱ्या टोकाला काकांसारखी पुरोगामी माणसं, जी आयुष्यभर कर्मकांडाला नाही म्हणाली आणि शेवटी स्वतःच्या मरणाचा आदेश काढून जातात, मागच्यांनी फक्त पाळायचा. मला दोन्हीत तोच घोळ दिसतो, समोरच्याला विचारलेलं नसतं. खरं सांगू का, दुसऱ्या टोकावर माझा जरा जास्त राग आहे, कारण मी त्यातलीच, माझी मतं काकांचीच आहेत.

चार जणांची बैठक झाली त्यांच्याच घरी, काका, काकू, मुलगी, मुलगा. मुलगा आल्या आल्या म्हणाला गावाकडची भावकी काय म्हणेल. मुलगी म्हणाली बाबांचं मन मोडायचं नाही. काकू मटार सोलत होत्या, बोलल्याच नाहीत अर्धा तास. मग मी त्यांना विचारलं. मटाराचं ताट खाली ठेवलं त्यांनी.

"देहदान केलं की हे दवाखान्याच्या गाडीतनं जाणार. राख नाही, अस्थी नाही. मग मी हात कशाला लावू? माझी आई गेली तेव्हा मी सातव्या महिन्यात होते, मला नेलं नाही. वडिलांच्या वेळेला बायकांनी जायचं नाही म्हणून नेलं नाही. आता यांचंही काहीच मला मिळणार नाही."

त्रेपन्न वर्षांचा संसार, आणि काकांनी हे पहिल्यांदा ऐकलं. मला ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. देहदानाला घरच्यांची मनापासून तयारी नसेल तर ऐनवेळी अडतंच, कॉलेजला फोन करणार घरचेच ना, तुम्ही फॉर्म भरून गेलात तरी. पण काकांना ते व्यवहाराचं काही सांगायची वेळच आली नाही. ते उठले, वही घेतली आणि तिसऱ्या टप्प्यावर लिहिलं, "देहदान रद्द. नेत्रदान कायम. विद्युतदाहिनी. सगळ्या बायकांनी यायचं. राख हिच्या ताब्यात." आणि मग चौथ्यातली ती ठळक ओळ खोडली नाही पण पुढे कंसात लिहिलं, (हिला वाटेल ते सोडून).

बायकांनी स्मशानात यायचं म्हटल्यावर मुलगा जरा कुरकुरला. त्याला मी सावित्रीबाईंचं सांगितलं. महात्मा फुल्यांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं की मला जाळू नका, मिठात घालून पुरा, पण परवानगी मिळाली नाही म्हणून दहनच करावं लागलं, म्हणजे फुल्यांची सुद्धा इच्छा जशीच्या तशी पुरी झाली नाही बघा. आणि टिटवं (अंत्ययात्रेत पुढे धरतात ते मडकं) कोणी धरायचं यावर भाऊबंदांचा वाद सुरू झाला तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवं स्वतः धरलं, अग्नी दिला. 1890 सालची गोष्ट आहे, पुण्यातलीच. आपण अजून बायकांनी फाटकापर्यंत यावं की आत यावं यावर बोलतोय.

त्या दिवशी अजून एक नोंद झाली, ती नातवामुळे. तो आतल्या खोलीतनं सगळं ऐकत होता (ऐकतातच पोरं, लपवून काही होत नाही). तो म्हणाला आजोबा, तुम्हाला स्पेशल असं काहीच नको का? काका म्हणाले, एक कर, शेवटी डबल बेल दे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, एसटीत एक बेल म्हणजे गाडी थांबव, दोन म्हणजे जाऊ दे.

अकरा महिन्यांनी काका गेले, पहाटे, घरीच. नेत्रपेढीचा नंबर स्वयंपाकघरात फडताळाच्या दारावर चिकटवलेला होता त्यामुळे शोधाशोध झाली नाही. डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, तोवर पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, हे सगळं नातवाने केलं, मोतीबिंदू झालेला, शुगर असलेला माणूस पण नेत्रदान करू शकतो हे सुद्धा त्यालाच पाठ होतं. माणसं येऊन वीस मिनिटांत काम करून गेली, चेहरा होता तसाच.

नऊच्या सुमाराला गावाहून चुलते आले आणि सुरू झालं, तिरडी कुठाय, मडकं कोण धरणार, भटजींना फोन केला का. एरवी या घरात तेव्हा भांडण पेटलं असतं. मुलाने वही काढली आणि सगळ्यांसमोर तिसरा टप्पा वाचून दाखवला, अक्षर काकांचं, खाली सही, तारीख. चुलत्यांनी चपला घातल्या. आले वैकुंठापर्यंत, पण लांबच उभे राहिले, अजूनही बोलत नाहीत ते. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही.

मी गेले होते. दाहिनीसमोर काका ट्रॉलीवर, अंगावर तो इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं (ती काढून घ्या असं तिथल्या माणसाने सांगितलं, मुलीने काढून पर्समध्ये ठेवली). काकू पुढे आल्या, कपाळावरनं हात फिरवला, मग पायावर डोकं ठेवलं, बराच वेळ. कोणी घाई केली नाही. नातवाने स्वतःच्या सायकलची बेल स्क्रू काढून आणली होती खिशात. दार वर गेलं, ट्रॉली सरकायला लागली आणि त्याने बेल वाजवली. एकदाच. दुसरी त्याला वाजवता येईना, हात थरथरायला लागला, तोंड फिरवून उभा राहिला पोरगा.

काकूंनी त्याच्या हातातनं बेल घेतली. "एकीवर गाडी थांबते रे," म्हणाल्या, आणि दुसरी दिली.

राख त्यांनी डब्यात आणली, थोडी गावाकडे शेताच्या बांधावर, आंब्याच्या बुडाशी घातली, थोडी माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर स्वतःच्या हातानं सोडली. नदीत सोडणं काकांना पटलं नसतं, मलाही फारसं पटत नाही, पण कंसातली ओळ त्यांनीच लिहिली होती.

पंधरा दिवसांनी मी भेटायला गेले तेव्हा मुलगी म्हणाली, आई दहाव्या दिवशी एकटीच गच्चीवर गेली होती, ताटलीत दहीभात आणि स्टँडवरचा बटाटावडा घेऊन, कोणालाच बरोबर येऊ दिलं नाही. काकू समोरच बसल्या होत्या. मला राहवलं नाही, विचारलं, काकू, शिवला का कावळा?

"ते आमच्या दोघांत राहू दे," म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.